गोखरू, नग चारशे एक

चलनावर 'मालाचे वर्णन' या रकान्यात
बावीस वर्षं मी बुश लिहिले, फ्लँज लिहिले, पंपाचे शाफ्ट.
त्या मंगळवारी लिहिलं
विटा, नग सहा, दोरीसह.
माडू, नग दोन. शिंगं फायबरची, काळविटाची नव्हेत.
गोखरू, नग चारशे, रबरी, रंग काळा.
जीएसटीचा कोड कुठला लावू विचारलं
तर परुळेकर शेठ फाइलमधून मान न काढता म्हणाले,
खिळे लाव.

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
शेजारच्या गाळ्यात आता काचेचं ऑफिस आहे,
तिथली पोरं आमच्या लेथच्या आवाजाला तक्रार करतात.
पंपाच्या ऑर्डरी राजकोटला गेल्या
आणि आमच्याकडे आलं हे, मालिकेचं युद्ध.

प्रॉडक्शनचा पोरगा मोबाइलवर चित्रं दाखवत होता.
विटा म्हणजे दोरीचा भाला,
दोरी मनगटाला, फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा.
लवू मेस्त्री म्हणाला, म्हणजे रिटर्नेबल.
मी विचारलं, आमच्या विटाव्याचा याच्याशी काही संबंध?
पोरगा म्हणाला, काही नाही हो मॅडम.
तरी त्या संध्याकाळी रिक्षातून उतरताना
मनगट मी उगाच चोळलं.

गोखरू मात्र मीच समजावला.
माझं माहेर सांगोल्याकडचं,
सराटा काय असतो ते आमच्या टाचांना पाठ.
मेस्त्री कणकवलीचा, त्याला जळू माहीत.
म्हटलं, तेच काटेरी फळ लोखंडात उतरवायचं.
चार टोकं. कसंही टाका,
तिघांवर उभं राहतं, चौथं आभाळाकडे.
घोडदळ येण्याआधी रात्री पेरायचं
आणि निघून जायचं.
याला हात लागत नाही, डोळा लागत नाही,
राग तर लागतच नाही.

रबर ओतण्याआधी नमुना हवा म्हणून
मेस्त्रीने ईएन-आठच्या कांडीचा एक केला. खराखुरा.
ग्राइंडरवर टोकं काढली, अंगठ्यावर तपासली,
आणि शॉपच्या फरशीवर टाकला.
उचलला, पुन्हा टाकला.
देवाला कौल लावावा तसा दहादा,
दहाही वेळा उत्तर एकच.
एवढा खूश मी त्याला बोनसलाही पाहिला नव्हता.

शूटिंग गायमुखच्या पुढे, खाडीकडच्या माळावर.
घोड्यांचा विमा होता, घोडे कडेने गेले.
जितू पागी, येऊरचा, रोजावरचा सैनिक,
सकाळी आपल्या बाजूने मेला होता,
जेवणानंतर शत्रूच्या बाजूने धावत होता,
अनवाणी, कारण त्या काळाचे जोडे कमी पडले.

चारशे रबरी दाबले गेले आणि उसळले.
एक नाही दाबला गेला.

पोत्यात तो कसा गेला कोणी विचारलं नाही.
पोतं मी शिवलं होतं.

मेस्त्री सिव्हिलला गेला, शहाळी घेऊन.
परत आला, लेथपाशी उभा राहिला, लेथ बंदच.
म्हणाला, आरपार.
मग बऱ्याच वेळाने, मला नव्हे, मशीनला म्हणाल्यासारखं,
चालतंय ते.
त्या दोन शब्दांत किती लाज होती
आणि किती नव्हती, अजून मोजते मी.

माल परत आला. मोजला.
चलनावर चारशे, पोत्यात चारशे एक.
परतीच्या रकान्यात जास्तीचा नग लिहायला
जागाच नसते, कमी पडला तरच असते.
जितूच्या टाक्यांचे पैसे शेठनी
'किरकोळ खर्च' मध्ये घातले. मीच घातले, त्यांनी सांगितलं.

आता तो माझ्या टेबलावर, बिलांवर ठेवलेला.
पंखा कितीही जोरात असो, कागद हलत नाहीत.
वरच्या टोकाला मी खोडरबर टोचलंय.
गेल्या महिन्यात जितू आला, उरलेला रोज मागायला,
किंचित लंगडत, पायात नवे फ्लोटर.
रबर काढून त्याने टोक बघितलं, पुन्हा लावलं,
नीट दाबून,
आणि म्हणाला, पेन द्या, सही कुठे करू?