कानाची पापणी

उणे एकतीस. मूस जॉच्या दक्षिणेला आज रस्ता नाही,
फक्त खांब, आणि खांबांवरून रस्त्याचा अंदाज.
अशा दुपारी सिग्ने टॉल्फसन माझ्या तळघरात उतरली
लोकरी शालीत गुंडाळलेला रेडिओ घेऊन.
तेवीस चॅनेलचा. एक बटण कधीतरी हरवलेलं,
त्या जागी टूथपेस्टचं झाकण.
"ओरेस्ट," म्हणाली, "नुसता टकटकतो मेला.
याचं तोंड बंद कर."

पेच काढले. आत धूळ, आणि गव्हाचं एक कूस,
कुठल्या सुगीचं कोण जाणे.

ब्लँकर म्हणजे काय, ते तिला असं सांगितलं:
डोळ्याला पापणी असते, कानाला नसते.
देवाच्या हातून राहिलेलं हे काम
कुणा इंजिनिअरने चार ट्रान्झिस्टरांत उरकलं.
ठिणगीची टक आली की कान मिटतो,
सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता.
बोलणाऱ्याचा शब्दही तेवढा कापला जातो.
भोकं पडलेला शब्द
आपण अख्खा समजून ऐकतो.
"सगळंच ऐकणं असं असतं का रे?"
मी म्हटलं, मला रेडिओपुरतं ठाऊक.

अंगणात माझा पिक-अप चालू करून आलो,
त्याच्या प्लगांच्या ठिणग्या हव्या होत्या.
गोंगाट हाताशी नसेल
तर गोंगाट मिटवायचं जुळवता येत नाही.

पेचकस प्लास्टिकचा. लोखंडी चालत नाही:
लोखंड जवळ येताच कॉइल वेगळं वागते,
हात काढला की पुन्हा पहिल्यासारखी.
(माणसंही तशीच, म्हणणार होतो. गिळलं.)
गाभ्यावरचं जुनं मेण खरवडलं.
पाव वळसा. फेराइट ठिसूळ,
जोर केला की तडकलंच.
मीटरचा काटा चढतो, चढतो,
मग किंचित उतरतो,
आणि तेव्हाच कळतं की माथा मागे गेला.
केसभर उलटं फिरवायचं.
श्वास धरून. सत्तरीतली बोटं,
त्यांचाही आपला एक कंप असतो.

टकटक गेली.
त्या मोकळ्या जागेत स्विफ्ट करंटकडचा कुणी
गुरांचा ट्रक हाकताना शिंकला,
आणि दुसऱ्या कुणाला म्हणाला,
पुलावर काच झालीय, सांभाळून.
इतकं स्वच्छ, की मी नाक पुसलं.

सिग्नेने हात पुढे केला, ब्लँकरची कळ खाली पाडली.
टक टक टक टक.
वर केली. शांत.
पुन्हा खाली.

मग बोलली, माझ्याकडे न बघता.
हाल्वर रेडिओवर कधी चकार शब्द बोलायचा नाही.
पण त्याचा तो लाल ट्रक, धान्याचा,
फाटकाशी वळला की फ्रीजवरचा रेडिओ टकटकू लागे.
ती सूप वाढायची.
तो बुटांच्या नाड्या सोडीपर्यंत
वाडग्यातली वाफ बरोबर खाण्याजोगी झालेली.
एकेचाळीस वर्षं. घड्याळ कशाला हवं?

तो गेला. ट्रक पलीकडच्या शेतावर विकला,
आठ वर्षं गवतात पडून होता.
"या नाताळात त्यांच्या नातवाने तो चालू केला.
चांगला पोरगा. रोज माझ्या फाटकावरून जातो.
मी दोनदा वाडगा काढला, ओरेस्ट.
दोनदा."

तळघरात हीटर करकरला.
वर माझा पिक-अप बर्फात उगाच पेट्रोल पीत होता.
विचारावंसं वाटलं, कळ चालू ठेवून देऊ की बंद?
विचारलं नाही.
झाकण बसवलं, पेच आवळले. पैसे घेतले नाहीत;
मुरवलेल्या बिटांची बरणी तिने ठेवलीच.

ती गेल्यावर लक्षात आलं,
मेणाची कांडी टेबलावर तशीच.
गाभा जागेवर धरून ठेवतं ते हेच दोन थेंब मेण.
सत्तावीस किलोमीटर खडबडीत रस्ता आहे,
जरासा सरकेलच.
कुणी विचारलं तर सांगेन, विसरलो.