बदली डोळे

दिवसाला पंधरा हजार आरिआरी आणि दुपारचा भात
या बोलीवर मी त्यांची जीभ झाले.
मिनेसोटाहून आलेली अकरा माणसं,
अंगात निळे टीशर्ट, पाठीवर चर्चचं नाव,
उन्हाने सोलून निघालेल्या माना.
पहिल्या दिवशी पास्टरांनी वीस मिनिटं प्रार्थना केली,
मी ती चारात आटपली.
कुणाचं काही अडलं नाही.

चष्म्यांचं खोकं तिसऱ्या दिवशी उघडलं.
सहाशे नग, प्रत्येक वेगळ्या पिशवीत, नंबराची चिठ्ठी लावून.
चष्म्याला आमच्याकडे सुलुमासु म्हणतात,
म्हणजे डोळ्याच्या जागी आलेला बदली.
हे मार्लिसबाईंनी वहीत लिहून घेतलं
आणि दिवसभर चुकीचं म्हणत राहिल्या.

अक्षरांचा तक्ता निम्म्यांच्या कामाचा नव्हता.
मी ताटात तांदूळ पसरले, त्यात पाच खडे टाकले.
ज्याला पाचही सापडले, त्याचा नंबर बरोबर.
(युक्ती माझी. फोटो पास्टरांचा.)

म्हातारा रैनिवेलू रांगेत सत्तेचाळिसावा.
त्याला तीन चष्म्यांतून दोनच खडे दिसले.
चौथी पिशवी उघडताना मार्लिसबाईंचा हात थांबला.
तपकिरी फ्रेम. डावी काडी
मासे धरायच्या दोऱ्याने बांधलेली.
"ही गाठ व्हर्नची," त्या म्हणाल्या.
"मीच टाकला होता टोपलीत.
मला वाटलं, कुठेतरी लांब जाईल."

रांग उन्हात उभी होती.
एक पोर रडायला लागलं.
बाईंनी फ्रेम स्वतःच्या बाहीला पुसली,
पुसलेली पुन्हा पुसली
आणि म्हाताऱ्याच्या कानांवर चढवली.

एक, दोन, तीन, चार, पाच.
मग सहावा.
तो मी टाकलेला नव्हता, तांदळाचाच होता.

रैनिवेलूने आधी स्वतःची नखं पाहिली,
मग समोरचा चेहरा, अगदी जवळून.
"ही बाई रडतेय," तो मला म्हणाला.
"हे डोळे कुणाचे होते?"

मी विचारलं. बाई बोलत सुटल्या.
की तो बियाण्यांच्या याद्या वाचायचा, बायबल कधीच नाही,
की शेवटची दोन वर्षं तिच्याशी नीट बोलला नाही,
की तिने कपाट तीन दिवसांत रिकामं केलं,
की हे सगळं याला सांगू नकोस,
की सांग.

मी आयुष्यभर तांदूळ पाखडलेली बाई,
तरी त्या क्षणी मला कोंडा कुठला ते कळेना.
म्हणाले, "तिच्या नवऱ्याचे. शेतकरी होता. वारला."

दुसऱ्या दिवशी जीपवर सामान चढत असताना
रैनिवेलू आला, चष्मा लावून, ठेचकाळत.
एका हातात मापभर लाल तांदूळ, दुसऱ्यात बाटली.
"मेलेल्याला न विचारता त्याची वस्तू वापरायची नसते.
नाव काय त्याचं?"
बाईंनी सांगितलं.
त्याच्या तोंडात त्याचं वेर्ना झालं.
अंगणाच्या ईशान्य कोपऱ्यात त्याने
थोडी दारू मातीवर ओतली, आपल्या पूर्वजांना हाक मारली,
आणि त्यांच्याच ओळीत शेवटी, वेर्ना.
आमच्या कॅटेकिस्टाला नेमकं तेव्हाच
जीपचं टायर तपासावंसं वाटलं.

"काय म्हणाला?" बाईंनी विचारलं.
यावेळी मी एक शब्दही गाळला नाही.
त्या कितीतरी वेळ त्या ओल्या मातीकडे बघत राहिल्या.
मग तांदूळ मांडीवर घेऊन जीपमध्ये बसल्या
आणि विमानतळावर तो नेऊ देतील का, असं विचारलं.
मी हो म्हणाले. मला काय ठाऊक.

जीप वळणाला लागली, तांबडी धूळ उठली.
रैनिवेलू डोळे बारीक करून बघत होता.
मी म्हटलं, आजोबा, तो जवळचा चष्मा.
लांब जाणारं त्यातून दिसत नाही.
त्याने काढला, गाठ सांभाळून,
आणि हात केला.