अभ्यासक्रमात नाही

गुरुवारी पेपर.
घरी नणंदेची मंडळी उतरलीत,
म्हणून दुकानातच बसलेय, शटर अर्धं ओढून,
ब्लाउजपीसांच्या थप्पीला पुस्तक टेकवून.
दांडिया बाजार झोपायला आलाय.

मान धरणे – तिसरा महिना.
आधाराविना बसणे – सहावा, सातवा.
रांगणे, उभं राहणे, पाऊल.

वहीत एक तक्ता स्वतःविषयीही भरायचाय:
पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला शब्द.
‘आईला विचारून लिहा,’ मॅडम म्हणाल्या
एकोणीस वर्षांच्या मुलींकडे बघून.
मग माझ्याकडे बघून:
‘किंवा कुणालाही.’

देवासला मालूमावशीला फोन लावला.
‘श्रीरंगचं सांगू?
बरोब्बर दहाव्या महिन्यात, रामनवमीला,
सुंठवड्याच्या ताटात पाय देऊन चालला लबाड!’
आणि मी?
‘तू ना… थांब हं…’
तिच्याकडे कुकरची एक शिट्टी झाली.
‘तू चाललीस की गं.
न चालून सांगतेस कुणाला?’

मी लिहिलं: अकरा महिने.
सरासरीशी जुळेलसं.
वीस वर्षं मॅचिंग सेंटर चालवतेय,
एवढी छटा काढता येते.

संध्याकाळी चष्मेवाल्या जिग्नेशभाईंची हेत्वी आली होती,
साडेपाच वर्षांची, पुढचा दात पडलेला.
तिच्यासमोर दोन सारख्या ग्लासांत छास ओतली,
मग त्यातला एक रिकामा केला उंच, निमुळत्या ग्लासात.
जास्त कशात?
‘लांबामां, मासी.’
परत ओतून दाखवलं. पुन्हा उंच ग्लासात.
‘लांबामां.’
अगदी पुस्तकातल्यासारखं उत्तर.
सातव्या वर्षाच्या आसपास कळेल तिला.
उंच ग्लास तिने घटाघटा संपवला,
बुटका माझ्यापुढे सरकवला,
आणि मला, त्रेचाळिसाव्या वर्षी,
क्षणभर खरंच वाटलं
की मला कमी आली.

शेवटचं प्रकरण: मध्य प्रौढावस्था,
चाळीस ते पासष्ट.
‘हे नुसतं चाळून ठेवा,’ मॅडम म्हणाल्या होत्या,
‘आपल्याला किशोरावस्थेपर्यंतच आहे.’
मुलींनी तिथेच पुस्तकं मिटली.

अडीच पानं आहेत.
एका माणसाचं चित्र, कुंडीला पाणी घालणारा.
जवळचं अंधुक दिसू लागतं, असं लिहिलंय.
ते वाचायला चाळिशी लावावी लागली.
पुढे काय होतं ते कळेना,
पान उलटलं तर सूची.

तक्ता पुन्हा काढला.
‘अकरा’ खोडरबरने पुसलं.
रिकामी चौकट बघत बसले जरा.
मग परत अकरा लिहिलं.
पाच मार्क आहेत.

बाहेर कुणीतरी बंद पडलेली स्कूटर
मांडवीच्या दिशेने ढकलत नेतंय,
मध्येच थांबतंय, किक मारून बघतंय.

मान धरणे – तिसरा महिना.
आधाराविना बसणे –