साडेनऊ बोटं

राष्ट्रीय संघाचे कपडे मी धुते. एकवीस वर्षं झाली.
टोर्सहाउनच्या स्टेडियमखाली, जिन्याच्या पोटात,
दोन मशीन, एक दोरी,
आणि एक खिडकी, जिच्यातून फक्त बूट दिसतात.

मला चिखल वाचता येतो.
कोपराला गवत घासलंय म्हणजे बचाव करणारा,
पाठीला लागलंय म्हणजे कुणीतरी पाडलंय,
नाहीतर नाटक.
ट्रोंदुरची जर्सी पहिली सात-आठ वर्षं
दोनदा भिजत घालावी लागायची.
मग डाग उतरत गेले.
आता तो सदतीस वर्षांचा, कप्तान,
आणि जर्सी येते ती नुसती घडी मोडल्यासारखी.
पेपरवाले लिहितात, हा पळत नाही.
नाहीच पळत.
चेंडू येणार तिथे आधीच जाऊन उभा असतो,
मासळीच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी
उभा असतो तसा.
पण मागच्या सामन्यात
एक पोरगेला पाहुणा त्याच्या शेजारून असा निघून गेला
की ट्रोंदुर वळेपर्यंत
आमचा गोलकीपर जाळ्यातून चेंडू काढत होता.
तेही मी पाहिलंय.

बायनिर अठराचा. दक्षिणेच्या बेटावरून
फेरीबोटीने येतो, ओकतो, आणि सरळ सरावाला.
त्याच्या कॉलरच्या आतसुद्धा चिखल.
एकदा मोज्यातून मेंढीची लोकर निघाली.
मी विचारलं नाही.

आदल्या रात्री प्रशिक्षक ओलुवुर खाली आला,
चालू मशीनवर कागद ठेवून बसला.
दहा नावं पक्की. एक जागा, दोन नावं.
कपडे पिळायची वेळ झाली की मशीन हादरायची
आणि त्याची पेन्सिल भलत्याच अक्षरावर जायची.
"म्हाताऱ्याला बसवलं तर पोरं कुणाकडे बघतील?
खेळवलं, तर पोरं नुसतीच बघत राहतील."
मी मोजे जोडत होते.
मनात आलं, सांगावं,
नवा टॉवेल पाणी टिपत नाही, पसरवतो,
आणि जुना छान टिपतो, पण एक दिवस हातात विरतो.
नाही सांगितलं.
टॉवेल फुटबॉल खेळत नाहीत.

सकाळी बायनिरचं नाव होतं.
ट्रोंदुरने यादी वाचली, आणि दंडावरची पट्टी
स्वतःच माझ्या टोपलीत आणून टाकली.
"धुऊन ठेव," म्हणाला. "घाण नाहीये, तरी."

त्या दिवशी वारा असा, की कॉर्नरची निशाणं आडवी.
चौसष्टाव्या मिनिटाला, तीन गोल खाल्ल्यावर,
ओलुवुरने ट्रोंदुरला उठवलं.
त्यानंतर लगेच फ्री किक, पंचवीस पावलांवरून.
बायनिर चेंडू ठेवायचा, मागे सरायचा,
चेंडू चालू लागायचा.
तीनदा असं झालं. पंच घड्याळ बघू लागला.
तेव्हा आमचा कप्तान
पोटावर आडवा झाला, ओल्या गवतात, लांबलचक,
आणि हात पुढे करून
एक बोट चेंडूवर टेकवून पडून राहिला.

पोर मला नंतर सांगत होतं, खाली येऊन,
बुटाची तुटलेली नाडी हातात घेऊन:
"मला भिंतीची नाही, त्या बोटाची भीती.
म्हटलं, लागलं तर?
तो खालूनच ओरडला,
अरे, साडेनऊ आहेत अजून! मार!"
(अर्धं कारखान्यातल्या सुरीने नेलंय,
मी शाळेत होते तेव्हापासून नव्हे,
पण बरीच वर्षं झाली.)

चेंडू गेला. जाळं हललं.
वाऱ्याने नव्हे.
सामना आम्ही हरलो, तीन-एक.

रात्री टोपलीत नऊ नंबर हाताला लागला.
गळ्यापासून बेंबीपर्यंत काळाभोर,
पाठ मात्र कोरी.
हा डाग मला वाचता येईना.
जुन्या सवयीने दोनदा भिजत घातली.

खिडकीबाहेर चार बूट चालले होते, बंदराच्या दिशेने.
ट्रोंदुरची पहाटे पाचची पाळी, पोराची शेवटची बोट.
दोन बूट सावकाश.
दोन बूट पुढे पळायचे, थांबायचे,
पुन्हा पुढे पळायचे.