अध्यक्षांच्या परवानगीने

साडेपाचची सभा.
पावणेसहाला आम्ही पाच जण, आणि पंखा.
गणपूर्तीला सात लागतात, म्हणून नियमाप्रमाणे
मी सभा अर्धा तास तहकूब करते
आणि नियमाप्रमाणेच त्याच जागी, त्याच खुर्च्यांवर
आम्ही तहकूब बसून राहतो.
सेलिनबाई पर्समधून खारे दाणे काढतात.
खाली भोईवाड्याच्या नाक्यावर कुणी टेम्पो मागे घेतंय,
येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बस.

सव्वासहाला तेच पाच जण कायदेशीर होतात.

भिंतीवर फणसेकर सर.
आईच्या मागे उरलेलं एक बेडपॅन आणि दोन कुबड्या,
एवढ्या भांडवलावर त्यांनी संस्था काढली.
आता माळ्यापर्यंत चाकाच्या खुर्च्या, घडीचे पलंग,
सलाइनचे स्टँड, पाण्याच्या गाद्या;
केईएमने घरी पाठवलेल्या माणसाला लागतं ते सगळं.
भाडं नाही. अनामत पाचशे.

मी बँकेत चौतीस वर्षं काढली, वसुलीत.
म्हणूनच मला इथे बसवलं असणार.
अध्यक्षांची खुर्ची म्हणाल तर प्लास्टिकची,
एक पाय आखूड,
त्याखाली गेल्या वर्षीच्या अहवालाची घडी.

विषय क्रमांक चार: परत न आलेल्या वस्तू.
रहाळकर म्हणतात, अनामत दोन हजार करा,
फुकटाची किंमत नसते लोकांना.
सेलिनबाई म्हणतात, दोन हजार असणारा माणूस
आपला जिना कशाला चढेल?
भिवा यादी वाचतो. वही त्याची, अक्षर त्याचं.
एकशे बारा, कमोड खुर्ची, शिवडी. माणूस गेला, खोली विकली.
एकशे चौदा, कुबड्या, लहान मापाच्या. फोन लागत नाही.
एकशे सोळा, पाण्याची गादी. मुलगा गेला,
आई अजून तिच्यावरच निजते.
एकशे अठरा

कुणाच्या लक्षात आलं नाही.
वसुलीतल्या बाईला गळलेला आकडा ऐकू येतो.

एकशे सतरा. वॉकर, ॲल्युमिनियमचा, एका पायाला रबराची टोपी नाही.
तो माझ्या न्हाणीच्या दाराशी उभा आहे
दोन वर्षं चार महिने.
त्याच्यावर मी टॉवेल वाळत घालते.
डावी मूठ जास्त झिजलीय,
हे डावीकडे झुकून चालायचे.
रागावले की तो दोनदा जमिनीवर आपटायचे.
चहा हवा असला तरी तेच.

भिवा मान वर करत नाही.
पुढचं वाचत जातो, जरा भरभर,
आजारी माणसाच्या दारावरून
चपला हातात घेऊन जावं तसा.

मतदान. दोन हात बाजूने, दोन विरोधात.
मग चारही चेहरे माझ्याकडे.
कलम अकरा, निर्णायक मत.
बँकेत अशा वेळी मी तिसरी नोटीस काढायचे
आणि मग माणूस पाठवायचे.
पाचशेच राहू दे, मी म्हणते.
रहाळकर पेनाला टोपण लावतात. त्याचा आवाज होतो.

शेवटचा विषय दर सभेला असतो:
अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.
मी माझी परवानगी घेते.
भिवा, एकशे सोळानंतर एकशे सतरा येतो.

मग सांगते सगळं. टॉवेलचं सोडून.
दिघे विचारतात, इतिवृत्तात घ्यायचं?
घ्या.
नाव?
घ्या.
रहाळकर म्हणतात, हे मताआधी सांगायला हवं होतं.
बरोबर आहे त्यांचं.
तेही लिहा, मी म्हणते.
सेलिनबाई दाण्यांची पुडी माझ्याकडे सरकवतात.
भिवा वहीत बघत म्हणतो,
टोपी नवीन बसवतो बाई,
काळाचौकीच्या एक आजी थांबल्यात यादीत.

रात्री वॉकर जिन्यापाशी नेऊन ठेवते.
परत येते तर हातात ओला टॉवेल,
आणि कुठे घालावा
ते सुचत नाही.