पुढे हॅश

नवी पेठेतल्या अभ्यासिकेत, दुसऱ्या मजल्यावर
सहा संगणक आहेत. पाच चालतात.
उद्या गुरुवार, पाणी नाही,
वीजही दुपारनंतरच,
म्हणून जे काय अपडेट करायचं ते आज रात्री.

मुलं मला मॅडम म्हणतात.
खरं तर मी फी घेते, पावत्या फाडते,
पंख्याच्या बटणांवरून जुंपलेली भांडणं सोडवते.
संगणक माझ्या गळ्यात पडले
तांबोळी सर मस्कतला गेले तेव्हा,
कपाटाच्या किल्ल्या आणि एका दोनशेपानी वहीसकट.

वहीच्या पहिल्याच पानावर:
'आधी यादी ताजी करा. मग विचार करा. मग बदला.'
विचार या शब्दाखाली दोन रेघा.

यादी ताजी करणं म्हणजे नुसती बातमी आणणं,
हे कळायला मला सहा महिने लागले.
यंत्र दारोदार जातं, विचारतं, नवीन काय?
परत येऊन सांगतं.
घरातली वाटीसुद्धा तोवर हललेली नसते.

आज चार रिपॉझिटऱ्यांनी दार उघडलं.
पाचवी: सापडत नाही.
सहावी: सही ओळखीची, पण किल्लीची मुदत संपली.

मस्कतला मेसेज टाकला. तिथे साडेनऊ झाले असतील.
'पाचवी कोथरूडचा एक मुलगा चालवायचा,
मराठी फॉन्टांसाठी, एकटाच, नोकरी सांभाळून.
थकला असणार.
ओळ पुसू नका. पुढे हॅश टाका.'

टाकला.
ओळ होती तिथेच राहिली,
फक्त यंत्रानं तिच्याकडे बघणं सोडलं.
तिच्या डोक्यावर सरांची जुनी टीप, तीही हॅशमागे:
'हा पैसे घेत नाही. वर्षातून एकदा आभार तरी कळवा.'
मी कळवले नव्हते.
आता पत्ताच लागत नाही.

सहावीची किल्ली तीच, मुदत वाढवलेली.
तिचा चाळीस अक्षरी ठसा वहीत होता,
बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत बसले.
मागून वैजयंता गेजगे, सांगोल्याची,
कधीची बघत होती कोण जाणे.
'मॅडम, मुदत वाढवून मिळते?'
'किल्लीची मिळते.'
ती पुन्हा राज्यघटनेत गेली.

एकशे बारा पॅकेजेस बदलणार,
एक रोखून धरलेलं: प्रिंटरचा ड्रायव्हर.
वहीत त्याच्यासमोर 'हात लावू नका', बस.
टाचणी कुठल्या डबीत ठेवली त्याचंही कारण लिहिणाऱ्या माणसानं
इथे कारण लिहिलेलं नाही.
पुन्हा मस्कतला विचारावं म्हटलं, पण उशीर झाला होता.
दोन रेघांइतका विचार केला
आणि सोडलं त्याला.

ओळी वर सरकत राहिल्या.
खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं,
ती सुरू झाली तरी ओळी चालूच.

एकला दहा कमी असताना
कोपऱ्यातला प्रिंटर खाकरला.
मेला समजून आम्ही त्याच्यावर
चहाच्या कपांचा ट्रे ठेवत होतो.
कप थरथरले, आणि कुणी न सांगता
त्यानं एक कागद बाहेर काढला.

प्रवेशपत्र.
रुक्मांगद बिराजदार, औसा.
परीक्षा मागच्या वर्षीची, मार्चमधली.
फोटोवर आडवी पांढरी रेघ.

त्या सकाळी इथे छापेना म्हणून
तो चप्पल न घालता झेरॉक्सकडे पळाला होता.
दुकान उघडं होतं का,
मी विचारलं नाही. नंतर तो गावी गेला,
नटबोल्टच्या दुकानात बसतो म्हणे.

कागद गरम होता अजून.
वैजयंतानं तो वाचला, सुलटा, मग उलटा, मागे कोरा होता,
आणि माझ्या हातात दिला.

वहीत तारीख टाकली.
'ड्रायव्हर सोडला. प्रिंटर चालतो.
कारण:'
इथपर्यंत आले आणि आठवलं,
मोटार लावायची राहिली,
टाकी अर्धीच आहे.