रिकामे हात

मार देल प्लाता. जून, म्हणजे इथे कडाका.
बंद आइस्क्रीमच्या दुकानामागे
एउलोहिओ शिकवतो:
चाक एकीकडे, गोळी उलटीकडे.
चिप्स म्हणून डबाभर बटणं.

आधी पाढे.
एका आकड्याला पस्तीसपट,
दोन आकड्यांमधल्या रेघेला सतरापट.
सतरा, चौतीस, एक्कावन्न, अडुसष्ट…
बटाटे सोलतानाही मी पुटपुटते.

"शून्य कुणाचं?"
"घराचं."
"म्हणून घराला घाई नसते. तूही करू नकोस."

गोळी मंदावली की टेबलावरून तळहात फिरवायचा:
नो वा मास. आता पुरे.
आवाज चढवायचा नाही,
ज्याला ऐकायचं नसतं
त्याला तो नीट ऐकू येतो.

आणि खिसे शिवून टाकायचे.
टेबल सोडताना एक टाळी, मग पंजे उलटसुलट:
बघा, काही नेत नाही.

रविवारी त्याच्याकडे जेवले.
उठताना त्यानं टाळी वाजवली,
तळवे छताला दाखवले,
आणि स्वतःच ओशाळला.

भिंतीवर एदेल्मीरा, गेल्या वर्षी गेलेली.
ब्लाउजला हिरवी, चार भोकांची बटणं.
कालच सतरावरून
मी ती दांडीनं ओढून घेतली होती.